तीन रंगांत माणूस: जुन्या व्हिडिओ गेमच्या स्प्राइटसाठी पॅलेट कसं जुळवायचं

'सुपर मारिओ ब्रदर्स'मधला मारिओ नीट निरखून पाहा. त्याचे केस, मिशी, शर्ट आणि बूट हे सगळं एकाच मळकट तपकिरी रंगाचं आहे. टोपी आणि डंगरी लाल. चेहरा आणि हात एका नारिंगी छटेचे. झालं, संपले रंग. १९८५ सालच्या त्या खेळात नायकाच्या वाट्याला तीनच रंग आले होते, आणि तरीही तो माणूस आज कुणीही लांबून ओळखतो.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून खेळायचे जे 'व्हिडिओ गेम' मिळायचे, ज्यांत कॅसेट खुपसून मारिओ आणि काँट्रा खेळले जायचे, त्यांतले बरेचसे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या एकाच यंत्राच्या नकला होत्या. ते यंत्र जपानमध्ये १९८३ साली फॅमिकॉम नावानं आलं आणि अमेरिकेत १९८५ पासून एनईएस नावानं विकलं गेलं. हा लेख त्याच यंत्राच्या स्प्राइटबद्दल आहे, म्हणजे पार्श्वभूमीपुढे स्वतंत्र हलणाऱ्या पात्रांच्या आणि वस्तूंच्या चित्रांबद्दल. पिक्सेल आर्ट, म्हणजे पडद्याच्या एकेका ठिपक्यानं चित्र काढणं, नुकतं सुरू केलेल्यांना मी नेहमी इथूनच सुरुवात करायला सांगतो, कारण या यंत्राचे नियम कडक आहेत, थोडे आहेत, आणि एकदा कळले की पुढच्या सगळ्या जुन्या यंत्रांचे नियम अर्ध्या वेळात कळतात.

आधी एक गोष्ट पक्की करा: चित्रात रंग नसतोच

कॅसेटमधल्या चित्रात लाल किंवा हिरवा असं काही साठवलेलं नसतं. साठवलेले असतात फक्त आकडे: ०, १, २ आणि ३. प्रत्येक पिक्सेलला यांतला एक. कुठल्या आकड्याला कुठला रंग द्यायचा, हे एका वेगळ्या छोट्या यादीत लिहिलेलं असतं. ती यादी म्हणजे पॅलेट. पडद्यावर चित्र उमटताना यंत्र आकडा वाचतं, यादीत पाहतं आणि तो रंग दाखवतं. यादी बदलली की चित्राला हातही न लावता सगळे रंग बदलतात.

मारिओ आणि त्याचा भाऊ लुइजी हे एकच चित्र आहे. मारिओच्या यादीत लाल, नारिंगी आणि तपकिरी आहेत, लुइजीच्या यादीत पांढरा, नारिंगी आणि हिरवा. म्हणून लुइजीची टोपी पांढरी आहे आणि केस चक्क हिरवे. शर्टाला हिरवं करायचं तर केसांनाही हिरवं व्हावंच लागतं, कारण दोघांचा आकडा एक. फूल खाल्ल्यावर आगीचे गोळे टाकणाऱ्या मारिओचे केस आणि मिशी लाल होतात, तेही याच कारणानं.

हा विचार अंगवळणी पडला की बाकीचं सगळं सोपं जातं. आजच्या चित्रकलेच्या ॲपमध्ये आपण रंग उचलतो आणि लावतो. इथे आधी आकडा लावायचा आणि रंग मागाहून ठरवायचा. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी रेघा जुळवून घेतात आणि कुठल्या घरात कुठला रंग भरायचा ते नंतर ठरतं, तसंच.

पायरी पहिली: ६४ खान्यांचा तक्ता वाचायला शिका

या यंत्राकडे एकूण ६४ रंग-क्रमांक आहेत. त्यांत दहा खाने नुसते काळे आहेत आणि दोन पांढरे जवळपास सारखे, त्यामुळे खरोखर वेगळे दिसणारे रंग ५४ च्या आसपास भरतात. क्रमांक हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर लिहितात: ० ते ९ आणि त्यापुढे दहा ते पंधरासाठी ए, बी, सी, डी, ई, एफ.

प्रत्येक क्रमांकात दोन अंक असतात आणि दोघांची कामं वेगळी आहेत. पहिला अंक उजेड सांगतो: ० गडद, १ मध्यम, २ उजळ, ३ फिकट. दुसरा अंक रंगछटा सांगतो. १ आणि २ निळे, ३ आणि ४ जांभळे, ५ गुलाबी, ६ लाल, ७ नारिंगी, ८ पिवळा, ९ पासून बी पर्यंत हिरवे, आणि सी मोरपंखी. दुसरा अंक ० असेल तर राखाडी किंवा पांढरा.

म्हणजे १६ हा मध्यम लाल, २६ उजळ लाल, ३६ फिकट गुलाबी. ०७ हा गडद नारिंगी, ज्याला आपण तपकिरी म्हणतो. १८ हा मध्यम पिवळा, जो पडद्यावर शेवाळी-तपकिरी दिसतो. मारिओच्या शर्टाचा रंग हाच.

ही मांडणी अशी का, याचं कारण यंत्राच्या आत आहे. त्यातली चित्र काढणारी चिप लाल-हिरवा-निळा असे वेगळे सिग्नल तयार करतच नव्हती. ती थेट टीव्हीचा सिग्नल बनवायची, आणि त्या सिग्नलमध्ये उजेड ही एक गोष्ट असते आणि रंगछटा ही दुसरी. बारा छटा म्हणजे सिग्नलच्या लहरीच्या बारा वेगवेगळ्या सुरुवाती. त्यामुळे या ६४ रंगांची 'अधिकृत' अशी लाल-हिरव्या-निळ्याची किंमत नाहीच. एका टीव्हीवर २२ क्रमांकाचं आकाश निळं दिसायचं, दुसऱ्यावर जांभळ्याकडे झुकायचं. एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुनं यंत्र आजच्या संगणकावर चालवून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, १९२ बाइटची एक पॅलेट फाइल असते, ६४ रंगांचे प्रत्येकी तीन बाइट. इंटरनेटवर अशा बऱ्याच फायली मिळतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. कुठलीही एक निवडा आणि काम संपेपर्यंत तीच ठेवा.

एक इशारा. काळा हवा असेल तर ०एफ वापरा, ०डी नको. ०डी चा सिग्नल काळ्याच्याही खाली जातो आणि काही टीव्ही त्यानं गोंधळतात, चित्र हलतं. एम्युलेटरवर हे दिसणार नाही, पण सवय आत्ताच लावून घ्या.

पायरी दुसरी: एका खऱ्या खेळाची यादी वाचा

पॅलेटच्या यादीला यंत्रात ३२ खाने आहेत. चार पॅलेट पार्श्वभूमीसाठी, चार स्प्राइटसाठी, प्रत्येकात चार खाने. पण प्रत्येक पॅलेटचा पहिला खाना खास आहे. पार्श्वभूमीच्या चारही पॅलेटसाठी तो एकच सामाईक रंग असतो, आणि स्प्राइटच्या बाबतीत त्या खान्याचा अर्थ 'पारदर्शक'. म्हणून एका वेळी हाती येणारे रंग १ अधिक १२ अधिक १२, म्हणजे २५.

'सुपर मारिओ ब्रदर्स'च्या दिवसाउजेडीच्या मैदानात सामाईक रंग २२ आहे, आकाशाचा. बाकीची यादी अशी:

पार्श्वभूमी
झुडपं, टेकड्या, पाइप: २९, १ए, ०एफ
विटा, जमीन: ३६, १७, ०एफ
ढग: ३०, २१, ०एफ
प्रश्नचिन्हाचे ठोकळे, नाणी: २७, १७, ०एफ

स्प्राइट
मारिओ: १६, २७, १८
हिरवे शत्रू: १ए, ३०, २७
लाल शत्रू: १६, ३०, २७
गूम्बा (चालत येणारा छोटा शत्रू): ०एफ, ३६, १७

या आठ ओळींसमोर थोडा वेळ बसा. एवढ्यात एक अख्खं जग उभं आहे. पहिली आणि तिसरी ओळ शेजारी ठेवा: ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त पांढऱ्याच्या जागी पोपटी आणि आकाशीच्या जागी हिरवा आला. हिरवं कासव आणि लाल कासव यांत फरक फक्त एका आकड्याचा, १ए आणि १६. तेवढ्या एका आकड्यावर खेळणाऱ्याला कळतं की हिरवं कासव कड्यावरून सरळ खाली पडतं आणि लाल मागे वळतं. इथे रंग सजावटीसाठी नाही, माहिती देण्यासाठी आहे.

स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं असेल तर मेसेन किंवा एफसीईयूएक्स हे एम्युलेटर घ्या. दोन्हींत चिपच्या आतलं दाखवणाऱ्या खिडक्या आहेत, ज्यांत टाइल (चित्राचे छोटे चौकोनी तुकडे) आणि पॅलेट खेळ चालू असताना बघता येतात. मारिओ पाइपमधून खाली गेला की विटांची आणि गूम्बांची पॅलेट कशी निळसर होते, ते तिथे थेट दिसतं. चित्रं तीच, तळघर नवं.

पायरी तिसरी: आपल्या पात्राचे तीन रंग ठरवा

आता स्वतःचं पात्र. उदाहरणासाठी मी मुंबईचा डबेवाला घेतो, कारण तो या नियमांत जवळजवळ आपोआप बसतो: टोपी पांढरी, सदरा पांढरा, त्वचा सावळी, आणि केस, मिशी, डोळे, वहाणांसाठी एक गडद रंग. तीन पुरे.

पांढऱ्यासाठी ३०. गडदसाठी ०एफ. त्वचेसाठी जरा थांबा. त्या काळच्या खेळांत त्वचेला बहुतेक २७, ३६ किंवा ३७ दिलेला आढळतो, आणि नवखे तेच उचलतात. आपल्या माणसासाठी मी १७ घेतो. काही पॅलेट फायलींत तो किंचित विटकरी दिसतो, पण पांढऱ्या टोपीखाली सावळा चेहरा म्हणून तो चोख वाचला जातो. २७ लावून पाहा, मग १७ लावून पाहा. चित्र तेच असल्यामुळे तुलनेला काही सेकंद लागतात.

निवडताना माझी एक कसोटी आहे: तिन्ही रंगांचा पहिला अंक वेगळा असावा. इथे ३०, १७ आणि ०एफ, म्हणजे फिकट, मध्यम, गडद. पहिला अंक म्हणजे उजेड, आणि इतक्या लहान आकारात डोळा आधी उजेडातला फरक टिपतो, छटा नंतर.

याच कसोटीवर मारिओ लावला तर गंमत दिसते. त्याचे रंग १६, २७, १८. लाल आणि तपकिरी दोन्ही एकाच उजेडाच्या रांगेत. आपल्याकडे कित्येकांनी हा खेळ ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर खेळला. तिथे छटा गळून जाते आणि फक्त उजेड उरतो, त्यामुळे त्यांच्या मारिओची डंगरी आणि शर्ट एकाच राखाडीत मिसळलेले असत. लुइजी मात्र ३०, २७, १९ आणि आगवाला मारिओ ३७, २७, १६. दोघांतही तीन वेगळे उजेड आहेत, आणि माझ्या मते रेखाटन म्हणून ते दोघे मूळ मारिओपेक्षा जास्त स्वच्छ दिसतात. नियम मोडूनही मारिओ चालतो, कारण लाल भाग सलग आणि मोठा आहे आणि रंगीत पडद्यावर लाल एकदम उठतो. पण नवख्यानं आधी नियम पाळावा.

पायरी चौथी: आठ बाय आठच्या चौकोनात आकडे भरा

या यंत्रावर प्रत्येक चित्र आठ बाय आठ पिक्सेलच्या टाइलमधून बनतं. छोटा मारिओ सोळा बाय सोळा, म्हणजे चार टाइल. डबेवाल्याचं डोकं आपण एका टाइलमध्ये बसवू. ० पारदर्शक, १ गडद, २ त्वचा, ३ पांढरा:

००००३३००
००३३३३३०
०३३३३३३३
०११२२२२०
०१२२१२१०
०१२२२२२२
००२२१११०
०००२२२००

कागदावर किंवा चौकटीच्या वहीत हे रंगवून पाहा. वरच्या तीन ओळी टोपी. चौथ्या ओळीपासून डावीकडे केस, पाचव्या ओळीत दोन डोळे, सहाव्यात उजवीकडे पुढे आलेलं नाक, सातव्यात मिशी. ओठ काढलेलेच नाहीत. मिशी असली की तोंड काढावं लागत नाही, आणि टोपी असली की केसांचा आकार सोडवावा लागत नाही. मारिओला टोपी आणि मिशी मिळाली तीही अशाच अडचणीतून, १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये, जिथे खेळाचे रचनाकार शिगेरू मियामोतो यांना मोजक्या पिक्सेलमध्ये चेहरा वाचनीय करायचा होता.

संगणकावर हेच करायला ॲसेप्राइट चांगलं आहे. ते विकत घ्यावं लागतं, पण त्यातूनच फुटलेलं लिब्रेस्प्राइट मोफत आहे. नवी फाइल उघडताना कलर मोड 'इंडेक्स्ड' निवडा. हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण त्या मोडमध्येच फाइल आकडे साठवते. नेहमीच्या मोडमध्ये ती रंग साठवते आणि मग या लेखातलं काहीच लागू पडत नाही. पॅलेटमध्ये चारच खाने ठेवा, पहिला पारदर्शक. गिंपमध्ये काम करत असाल तर 'इमेज'खालच्या 'मोड'मधून इंडेक्स्ड करा आणि ब्रश न वापरता पेन्सिल वापरा. ब्रश कडा मऊ करायला बघतो, आणि मऊ कड म्हणजे यादीत नसलेले मधले रंग.

खान्यांचा क्रम नंतर हलवू नका. केस नेहमी १, त्वचा नेहमी २, कपडे नेहमी ३, असं ठरवलं की खेळातल्या सगळ्या माणसांना तोच क्रम द्या. मग एका माणसाची पॅलेट दुसऱ्यावर चढवता येते. क्रम बिघडला तर कपड्याचा रंग नाकावर जाईल.

यंत्र हे आकडे कसे साठवतं हे कुतूहल असेल तर पाचवी ओळ घ्या: ०, १, २, २, १, २, १, ०. प्रत्येक आकडा दोन बिटांचा, म्हणजे ० किंवा १ अशा दोन खुणांचा: ० म्हणजे ००, १ म्हणजे ०१, २ म्हणजे १०, ३ म्हणजे ११. खालचे बिट एका बाइटमध्ये जातात: ०१००१०१०. वरचे दुसऱ्या बाइटमध्ये: ००११०१००. अशा आठ ओळींचे खालचे बाइट आधी, मग वरचे आठ, मिळून सोळा बाइटची एक टाइल. आपली पाचवी ओळ पाचव्या आणि तेराव्या बाइटमध्ये आहे. एका टाइलला सोळाच बाइट पुरतात, आणि तीनच रंग का, याचं उत्तरही इथेच आहे. दोन बिटांत चारच आकडे मावतात आणि त्यातला एक पारदर्शकतेला गेला.

पायरी पाचवी: पॅलेट बदला, चित्राला हात लावू नका

आता मजेचा भाग. डबेवाल्याच्या चित्राला स्पर्श न करता वेगळ्या याद्या लावा.

संध्याकाळ: पांढऱ्या ३० च्या जागी ३७. सगळे कपडे उन्हाच्या कलत्या पिवळ्यात येतात.
पावसाळी दुपार: ३० च्या जागी १०, म्हणजे राखाडी. त्वचा ०७ करा.
दुसरा खेळाडू: ३० च्या जागी २१. तोच माणूस, आकाशी कपड्यांत.

दोन खेळाडूंची ही युक्ती तुम्ही हजारदा पाहिली आहे. काँट्रामध्ये एक जण निळ्या पँटचा, दुसरा लाल. १९८६ च्या 'द लेजंड ऑफ झेल्डा'मध्ये निळी किंवा लाल अंगठी मिळाली की नायकाच्या अंगरख्याचा हिरवा रंग बदलतो, आणि आपण आता कमी जखमी होणार हे वेगळ्या सूचनेशिवाय कळतं. १९९२ च्या 'मॉर्टल काँबॅट'मध्ये पिवळा, निळा आणि हिरवा निंजा एकाच आकृतीतून निघाले.

एक काळजी घ्या. पार्श्वभूमीचा रंग आणि पात्राचा बाहेरचा रंग एकाच उजेडात आले की पात्र हरवतं. पांढऱ्या सदऱ्याचा डबेवाला फिकट आकाशापुढे विरघळेल, तेव्हा त्याच्या कडेला आकडा १ ची एक बारीक रेघ द्या. रात्रीच्या काळ्या पार्श्वभूमीवर ती रेघच नाहीशी होईल, पण तिथे पांढरा सदरा स्वतःच उठून दिसतो, म्हणून चालतं.

पायरी सहावी: चौथा रंग हवाच असेल तर

डबेवाल्याच्या हातात डबा हवा, आणि डब्याच्या झाकणावर लाल रंगानं लिहिलेली खूण हवी. त्याच्या पॅलेटमध्ये आता जागा नाही. उपाय असा की डबा हा वेगळा स्प्राइट करायचा आणि त्याला वेगळी पॅलेट द्यायची: ००, १०, १६, म्हणजे गडद राखाडी, फिकट राखाडी, लाल.

यंत्राच्या हिशेबात इथे एक स्प्राइट म्हणजे एक टाइल, आणि अशा प्रत्येक स्प्राइटसाठी ते चार बाइट ठेवतं: उभी जागा, टाइलचा क्रमांक, गुणधर्म आणि आडवी जागा. गुणधर्माच्या बाइटमधले सर्वांत खालचे दोन बिट पॅलेटचा क्रमांक सांगतात, ० ते ३. म्हणजे पॅलेट प्रत्येक टाइलला स्वतंत्र देता येते आणि एकाच माणसाचं डोकं एका पॅलेटचं, पाय दुसऱ्या पॅलेटचे असू शकतात. १९८७ च्या 'मेगा मॅन'मध्ये तर निळ्या शरीरावर चेहऱ्याचा वेगळा स्प्राइट वरून ठेवलेला आहे. चेहऱ्याचे रंग शरीराच्या पॅलेटमध्ये नाहीतच. त्याचा फायदा असा की शस्त्र बदललं की शरीराची पॅलेट बदलते आणि चेहरा माणसाचाच राहतो. लुइजीचे हिरवे केस आठवा आणि मग ही युक्ती किती विचारपूर्वक केली आहे ते कळेल.

पण याची किंमत आहे. पडद्यावर एका वेळी ६४ स्प्राइट मावतात आणि एका आडव्या ओळीत फक्त आठ. सोळा पिक्सेल रुंदीचा माणूस एका ओळीत दोन जागा खातो. त्यावर चेहरा आणि हातात डबा ठेवला की चार. असे दोन डबेवाले शेजारी उभे राहिले की ओळ भरली, तिसरा अर्धवट गायब होणार. म्हणूनच जुन्या खेळांत गर्दी झाली की शत्रू लुकलुकायचे: खेळ प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर उमटणाऱ्या प्रत्येक नव्या चित्राला, वेगळे स्प्राइट वगळायचा, म्हणजे कुणीच कायमचं गायब होऊ नये. जादा रंग नायकाला द्या, रस्त्यावरच्या इतरांना तीनांतच भागवा.

पार्श्वभूमीबद्दल थोडंच

पार्श्वभूमीत नियम अधिक जाचक आहे. तिथे पॅलेट प्रत्येक टाइलला निवडता येत नाही, सोळा बाय सोळाच्या चौकोनात बसणाऱ्या चार टाइलना मिळून एकच पॅलेट मिळते. म्हणून त्या काळचे खेळ सोळा पिक्सेलच्या ठोकळ्यांचे बनलेले दिसतात. लाल दारापुढे हिरवं झाड काढायचं असेल तर दोघांची सीमा त्या चौकोनाच्या कडेवर आणा. संपादकात सोळा पिक्सेलची जाळी कायम चालू ठेवली तर हा त्रास सुरुवातीलाच टळतो.

पायरी सातवी: पॅलेटनं हालचाल करा

प्रश्नचिन्हाचा ठोकळा मंद चमकतो ना? त्याचं चित्र एकच आहे. त्याच्या पॅलेटचा पहिला रंग ठरावीक वेळानं बदलत राहतो: २७, २७, २७, १७, ०७, १७, आणि पुन्हा. सुरुवातीला तीनदा तोच उजळ रंग आहे, त्यामुळे ठोकळा थोडा वेळ उजळ राहतो, मग झटकन मावळून परत येतो. सहा आकड्यांत किती नेमका ताल बसवला आहे! नाणीही याच पॅलेटची, म्हणून ती ठोकळ्याबरोबरच चमकतात.

तारा मिळाल्यावर मारिओ लखलखतो, तेव्हा मात्र रंग बदलत नाहीत. तेव्हा त्याच्या स्प्राइटचा पॅलेट क्रमांकच ० ते ३ मध्ये फिरत राहतो, म्हणजे क्षणभर तो हिरव्या कासवाचे रंग घालतो, क्षणभर लाल शत्रूचे, क्षणभर गूम्बाचे. नवे रंग लागतच नाहीत.

पडदा हळूहळू काळा करणं याहून सोपं आहे. पहिला अंक उजेडाचा, म्हणून प्रत्येक क्रमांकाचा पहिला अंक एकानं कमी करत जा आणि ० च्या खाली जायची वेळ आली की ०एफ लिहा. ३७ चा प्रवास २७, १७, ०७, ०एफ असा होतो. डबेवाल्याचा पांढरा ३० आधी २० होतो, आणि तो जवळपास तसाच दिसत असल्यामुळे पहिल्या पायरीला कपडे जागचे हलत नाहीत, त्वचा मात्र काळवंडते. हे डोळ्याला खटकलं तर पांढऱ्याला एक पायरी आधी सुरुवात करून द्या.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी दोनच सूचना. पॅलेट बदलायची ती फ्रेम काढून झाल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या वेळात, चित्र उमटत असताना बदलली तर पडद्यावर चुकीचे रंग उडतात. आणि स्प्राइटच्या पॅलेटच्या पहिल्या खान्यात भलतंच काही लिहू नका. तो खाना आणि पार्श्वभूमीच्या पॅलेटचा पहिला खाना ही यंत्रात एकच जागा आहे. ३२ खान्यांची यादी सलग लिहिताना स्प्राइटच्या बाजूला तिथे काळा ठेवला की आकाश काळं होतं आणि नवखा तासभर शोधत बसतो. दोन्हीकडे तोच क्रमांक लिहा.

पायरी आठवी: तपासा

चित्र मूळ आकारात पाहा, मोठं करून नाही. एकदा सगळे रंग राखाडी करून पाहा, आकृती वाचता येते का. मग मागे हलक्या आणि गडद अशा दोन्ही पार्श्वभूमी ठेवून पाहा. पॅलेट फाइल बदलून पाहा, कारण दुसऱ्या माणसाच्या एम्युलेटरवर तुमचा १७ वेगळाच असेल. जुन्या टीव्हीवर या यंत्राचा पिक्सेल चौरस नसून थोडा रुंद असायचा, त्यामुळे तुमचा डबेवाला तिथे किंचित जाड दिसेल. ते ध्यानात ठेवून त्याला संगणकावर जरा सडपातळच काढा.

हे जमलं की पुढे गेम बॉय घ्या. १९८९ सालचं ते यंत्र चारच छटांचं आहे, पण टाइलमधले आकडे इथल्यासारखेच ० ते ३, आणि स्प्राइटला तिथेही तीनच मिळतात. डबेवाल्याचं डोकं एकही पिक्सेल न बदलता तिथे चालेल. त्यानंतर सुपर निन्टेन्डो: ३२,७६८ रंगांतून निवड, आणि एका स्प्राइटला पारदर्शक सोडून पंधरा. तिथे टोपीच्या घडीला सावली देता येईल, सदऱ्याला चुण्या देता येतील आणि मिशीला केसांपेक्षा वेगळा रंगही.